गोधडीची पाठ आणि तिचे वाचन : शिवणकामातील चूक, दुरुस्ती आणि हेतू

१

गोधडी, रजई, वाकळ ही वस्त्रे वस्तुसंग्रहालयात मांडली जातात तेव्हा त्यांची दर्शनी बाजू प्रेक्षकाकडे आणि पाठ भिंतीकडे असते. सामान्य प्रेक्षकाच्या दृष्टीने यात काही वावगे नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने तीच बाजू पाहून परतावे हे मात्र योग्य नव्हे. शिवणारीने जे दाखवावयाचे ठरविले ते दर्शनी बाजूस असते. जे दाखवावयाचे नव्हते, म्हणजे दोऱ्याची गाठ, निसटलेला टाका, शिवणीत अडकलेली चुणी, फाटलेल्या जागेवरील ठिगळ, त्यातील बरेचसे पाठीवर असते. पाठ ही त्या वस्त्राच्या घडणीची जणू कच्ची वही होय.

ही वही वाचावी कशी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आजवर तिच्याकडे पाहण्याच्या तीन तऱ्हा दिसून येतात. पहिली, तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची. दुसरी, तिच्यावरील दोष मोजून शिवणारीच्या कौशल्याला गुण देण्याची. तिसरी, त्या दोषांमागे काही उदात्त हेतू कल्पिण्याची. या तिन्ही तऱ्हांत एक समान उणीव आहे. चूक, चुकीची दुरुस्ती आणि मुद्दाम केलेली योजना या तीन भिन्न गोष्टींची त्यांत गल्लत होते. ही गल्लत टाळण्यास काही कसोट्या उपलब्ध आहेत, व त्यांपैकी एक भाषेच्या प्रांतातील आहे, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

आरंभी शब्दांविषयी थोडेसे. मराठीतील ‘गोधडी’, गुजरातीतील ‘गोदडी’ आणि हिंदीतील ‘गुदडी’ ही एकाच कुळातील रूपे आहेत. संस्कृतात चिंध्या जोडून केलेल्या वस्त्रास ‘कन्था’ म्हणतात. विरक्तांचे वस्त्र म्हणून तिचा उल्लेख वारंवार येतो, व बंगालीतील ‘काँथा’ हे तिचेच रूप होय. मराठीत ‘वाकळ’ हा आणखी एक शब्द आहे. ‘दुलई’ व ‘रजई’ हे कापूस भरलेल्या, बहुधा अधिक सुखवस्तू घरांतील पांघरुणाचे शब्द. वस्त्राच्या मागील बाजूस आपण ‘उलटी बाजू’ म्हणतो, ‘अस्तर’ म्हणतो, आणि ‘पाठ’ही म्हणतो. ही ‘पाठ’ संस्कृत ‘पृष्ठ’पासून प्राकृतातून आलेली आहे. ग्रंथाचा ‘पाठ’ हा शब्द मात्र निराळा. तो ‘पठ्’ धातूचा. दोन शब्दांचे उच्चार मराठीत एकत्र आले हा योगायोग आहे, व्युत्पत्ती नव्हे. तथापि दोहोंची तुलना उपयुक्त ठरते, हे पुढे दिसून येईल.

२

चूक कोठे होते व ती झाकली कशी जाते, हे कळण्यासाठी कामाची रीत ठाऊक हवी. रजईचे सामान्यतः तीन थर असतात : वरचे कापड, मधील कापूस वा लोकर, आणि खालचे अस्तर. हे तिन्ही थर चौकटीवर ताणून शिवताना शिवणारीला वरची बाजू दिसते. खालच्या बाजूचे ज्ञान तिला फक्त खालच्या हाताच्या बोटांनी होते. सुई खाली पोहोचली की नाही, हे बोटाला टोचल्यावरच समजते. त्यामुळे वरचा टाका सरळ व एकसारखा असूनही खालचा टाका आखूड, लांब अथवा मुळीच न उमटलेला असू शकतो. अस्तर नीट ताणलेले नसेल तर त्यात चुणी पडते, आणि ती कळेपर्यंत कित्येक ओळी शिवून झालेल्या असतात.

मराठी गोधडीची रीत निराळी आहे. तिच्यात कापूस बहुधा नसतो. जुनी लुगडी व धोतरे यांचे थर जमिनीवर अंथरून, कच्च्या टाक्यांनी धरून, मग जाड दोऱ्याने धावदोरा घातला जातो. अनेक ठिकाणी शिवण बाहेरील कडेपासून सुरू होऊन चौकोनी फेऱ्यांनी आत आत जाते. या रीतीत सैल राहिलेले कापड मध्याकडे सरकत जाते, आणि शेवटी जो फुगवटा उरतो तो दुमडून त्यावर टाका घालणे भाग पडते. म्हणून अशा गोधडीच्या मध्यभागी चुणी आढळली तर ती शिवणारीच्या हयगयीची खूण मानू नये. तो त्या रीतीचाच परिणाम आहे. मध्यापासून बाहेर शिवत जाणारीच्या कामात हाच फुगवटा कडेला जातो व काठाखाली दडतो.

झाकण्याचे उपायही ठरलेले आहेत. दोऱ्याची गाठ हलकेच ओढून थरांच्या आत नेली जाते. उसवलेली शिवण दुसऱ्या दोऱ्याने परत घालतात. दोन्ही दोऱ्यांचा रंग वा जाडी वेगळी असल्यास दुरुस्ती ओळखू येते. छिद्रावर ठिगळ येते. सर्वांत सोपा उपाय कामास हात घालण्यापूर्वीच योजिलेला असतो : अस्तरासाठी दाट फुलांचे, गजबजलेल्या छापाचे कापड निवडावयाचे, म्हणजे असमान टाके त्यात हरवून जातात. कोऱ्या, एकरंगी अस्तरावर प्रत्येक टाका उघडा पडतो. अस्तराची निवड ही म्हणून कित्येकदा आवडीपेक्षा सावधगिरीची असते. ज्या शिवणारीने साधे पांढरे अस्तर निवडले, तिने आपल्या हातावर विश्वास ठेवला होता, किंवा तिच्याजवळ दुसरे कापड नव्हते. यांपैकी कोणते खरे, हे केवळ पाठ पाहून सांगता येत नाही.

३

येथे हस्तलिखितांच्या अभ्यासाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. आपल्याकडील लेखकु पोथी लिहिताना चुकत, आणि चूक दुरुस्त करण्याच्या त्यांच्याही रीती होत्या. गाळलेले अक्षर हंसपदाची खूण करून समासात लिहावयाचे. चुकीच्या अक्षरांवर पिवळा हरताळ फासून त्यावर योग्य अक्षरे काढावयाची. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार मराठीत आला तो येथूनच. आज आपण केलेल्या कामावर पाणी फिरविणे या अर्थी तो वापरतो. मुळात मात्र ती दुरुस्तीची क्रिया होती. अर्थाचा हा प्रवास बोलका आहे. दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने जे सुधारणे होते, ते पाहणाऱ्याच्या दृष्टीने पुसणे ठरले.

ग्रंथसंपादनशास्त्राने चुकीला पुराव्याचा दर्जा दिला. दोन पोथ्यांत तीच अचूक ओळ आढळली तर त्यांच्या नात्याविषयी फारसे सिद्ध होत नाही. तीच विशिष्ट चूक आढळली तर त्या एका मूळ प्रतीपासून उतरल्या असण्याचा संभव बळावतो. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४१ मध्ये भारतीय पाठचिकित्सेवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात या शास्त्राची तत्त्वे आपल्याकडील सामग्रीच्या संदर्भात मांडली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात विष्णु सीताराम सुकथनकर यांनी महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीस जे रूप दिले, त्यात संहितेतील ज्या शब्दांविषयी पूर्ण निश्चिती नाही त्यांच्याखाली नागमोडी रेषा दिलेली असते. १९६६ मध्ये मूळ संहितेचे काम पुरे झालेल्या या आवृत्तीची थोरवी तिने संशय झाकला नाही, यातही आहे.

या शास्त्रातून गोधडीच्या अभ्यासकाने दोन नियम घ्यावेत. एक : दुरुस्ती हा स्वतंत्र पुरावा आहे, ती केव्हा व कोणत्या हाताने झाली हे मूळ कामापासून वेगळे करून पाहावे. दोन : खूण दिसते म्हणून हेतू सिद्ध होत नाही, हेतूला निराळा आधार हवा. पुढील तीन उदाहरणे या नियमांच्या आधारे तपासून पाहू. पाश्चात्त्य देशांत रजयांच्या नोंदी व त्यांवरील चर्चा बराच काळ चालू असल्यामुळे ही उदाहरणे तेथील घेतली आहेत.

४

इंग्लंडमध्ये अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत तुकडेकामाची एक रीत रूढ होती. कागदाचे नेमक्या मापाचे साचे कापून त्यांवर कापडाचा तुकडा दुमडून टाचावयाचा, मग असे तुकडे कडेला कडा लावून बारीक टाक्यांनी जोडावयाचे. काम पुरे झाल्यावर कागद काढून टाकीत. पण कित्येकदा ते आत तसेच राहत. ब्रिटनमधील तारीख असलेले सर्वांत जुने ज्ञात तुकडेकाम १७१८ सालचे आहे. त्या रेशमी पांघरुणावर ते वर्ष आणि ‘ई’ व ‘एच’ ही आद्याक्षरे आहेत, आणि कागदी साचे अद्याप आत आहेत. कापडाचे तुकडे ज्या मापांनी बसविले त्याचा आराखडाच त्यामुळे हाती राहिला.

पुढील काळातील अशा अनेक अपुऱ्या पांघरुणांच्या पाठीवर जुनी पत्रे, हिशेबाचे कागद, मुलांच्या कित्त्याच्या वह्या व वर्तमानपत्रांचे तुकडे आढळतात. अभ्यासकाला येथे मोठा मोह होतो. कागदावर एखादी तारीख दिसली की वस्त्राचा काळ ठरला, असे वाटते. परंतु ती तारीख एवढेच सांगते की तो तुकडा त्यानंतर केव्हातरी शिवला गेला. घरातील रद्दी दहा वर्षांची असते, तशी पन्नास वर्षांचीही असते. शिवाय मधला एखादा तुकडा उसवून पुन्हा बसविला असेल, तर त्याचा कागद इतरांहून उशिराचा असू शकेल. एकट्या कागदावरून सर्व वस्त्राचा काळ ठरविणारा अभ्यासक दुरुस्तीलाच मूळ समजून चालेल.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात पीठ व पशुखाद्य यांच्या कापडी पोत्यांचा अस्तरासाठी पुष्कळ उपयोग झाला. पोत्यावरील छापील अक्षरे धुऊन घालविण्याची खटपट गृहिणी करीत. ती सर्वच गेली असे नाही. पाठीवर उरलेली ही फिकट अक्षरे लपविता न आलेली अक्षरे होत. त्यांवरून घराची आर्थिक स्थिती, बाजार व काळ यांविषयी बरेच काही कळते. शिवणारीच्या कौशल्याविषयी मात्र ती काहीच सांगत नाहीत. दोष आणि दारिद्र्य यांत भेद न करणारा परीक्षक येथे हमखास चुकतो.

५

दुसरे उदाहरण ‘राजा’ नावाच्या जहाजावरील पांघरुणाचे आहे. हे जहाज १८४१ च्या एप्रिलमध्ये वूलिच येथून निघाले आणि जुलैमध्ये होबार्टला पोहोचले. जहाजावर व्हॅन डीमेन्स लँड, म्हणजे आजचे टास्मानिया, येथे हद्दपार केलेल्या सुमारे १८० स्त्री कैदी होत्या. एलिझाबेथ फ्राय (१७८०–१८४५) यांच्या प्रेरणेने स्थापन झालेली स्त्रियांची एक संस्था अशा कैद्यांना प्रवासाच्या आरंभी सुया, दोरे, अंगुस्तान, कात्री व सुमारे दोन पौंड कापडाचे तुकडे देत असे. त्या साहित्यातून जहाजावर २,८१५ तुकड्यांचे एक मोठे पांघरूण तयार झाले. त्याच्या काठावर बारीक टाक्यांनी लिहिलेला मजकूर आहे. तो या संस्थेच्या स्त्रियांविषयी कृतज्ञता व्यक्त करतो आणि त्यावर जून १८४१ ही तारीख आहे. आज ते कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. यात कापसाचा थर नाही. म्हणून काटेकोरपणे ते रजई नव्हे, तुकडेकामाचे पांघरूण होय.

काठावरील मजकूर ही या वस्त्राची दर्शनी बाजू. तो सुबक आहे, शिस्तबद्ध आहे, आणि संस्थेला जे ऐकावयाचे होते तेच सांगणारा आहे. ते वस्त्र जवळून पाहणाऱ्यांना आणखी काही दिसले. टाक्यांचे काम एका हाताचे नाही. काही ठिकाणी ते सराईत आहे, काही ठिकाणी नवशिके. काही ठिकाणी लहान तपकिरी डाग आहेत, व ते सुईने टोचलेल्या बोटांच्या रक्ताचे असावेत असे मानले जाते. डोलत्या जहाजावर, सुई हाती धरण्याची सवय नसलेल्या स्त्रियांनी काही भाग केला असावा, हे अनुमान यावरून सयुक्तिक ठरते.

यापुढे जाणे मात्र धोक्याचे आहे. वाकड्या टाक्यांत बंडखोरी शोधणे किंवा रक्ताच्या डागांत छळाची साक्ष पाहणे, ही दोन्ही अनुमाने पुराव्याच्या पुढे धावतात. तशीच, काठावरील मजकूर प्रत्येक कैद्याच्या मनातील भाव व्यक्त करतो असे मानणेही. किती जणींनी शिवले व कोणी कोणता भाग शिवला, हे त्या वस्त्रावर लिहिलेले नाही. त्यांच्या गुन्ह्यांची नोंद शासनाने ठेवली. त्यांच्या हाताच्या वळणाची नोंद मात्र या असमान टाक्यांतच उरली आहे. कोणी कुशल हाताने ते टाके उसवून नीट केले असते, तर वस्त्र अधिक सुंदर झाले असते आणि ही नोंद नाहीशी झाली असती.

६

तिसरे उदाहरण एका समजुतीचे आहे. अमेरिकेतील रजयांविषयी, विशेषतः आमिश पंथीयांच्या रजयांविषयी, असे सांगितले जाते की शिवणारी स्त्री त्यात एक चूक मुद्दाम ठेवते. कारण परिपूर्णता केवळ ईश्वराची, मानवाने तिची स्पर्धा करू नये. अशा तुकड्याला ‘नम्रतेचा चौकोन’ म्हणतात. हीच कथा इराणी गालिच्यांविषयीही सांगितली जाते.

कथा आकर्षक आहे, पण रजयांच्या इतिहासकारांना तिला एकोणिसाव्या शतकातील आधार मिळालेला नाही. त्या काळातील स्त्रियांच्या रोजनिशांत व पत्रांत शिवणकामाविषयी विपुल मजकूर आहे. किती तुकडे झाले, कोण शिवावयास आले, कोठे चुकले हे त्यात येते. धर्मभावनेने मुद्दाम चूक ठेवल्याचा उल्लेख मात्र अभ्यासकांच्या हाती लागलेला नाही. या समजुतीवरील धार्मिक आक्षेपही विचारार्ह आहे : चूक मुद्दाम ठेवावी लागते असे मानणे म्हणजे एरवी माझे काम निर्दोष झाले असते असे मानणे, आणि ही नम्रता नव्हे.

मग कथा पसरली का? प्रस्तुत लेखकाच्या मते, ती पाहणाऱ्याची अडचण दूर करते म्हणून. सुंदर रजईत एखादा तुकडा उलटा बसलेला दिसतो. ज्या वस्तूविषयी आदर आहे तिच्यात चूक मान्य करणे जड जाते. म्हणून चुकीला व्रताचे रूप दिले जाते. यात शिवणारीचा गौरव होतो असे वाटते, पण खरे पाहता तिचा अधिकार काढून घेतला जातो. ती चुकली असेल, दिव्याच्या उजेडात तिला रंग ओळखता आला नसेल, कापड संपले असेल, चूक दिसूनही उसवण्याइतका वेळ नसेल, किंवा ती खुशीने तशीच राहू दिली असेल. या साऱ्या शक्यता पुसून तिच्या जागी आपण एक आदर्श मूर्ती बसवितो. पाठ मात्र निराळेच सांगते. ज्या पाठीवर उसवून पुन्हा घातलेल्या शिवणी दिसतात, आत ओढलेल्या गाठी व जुळवून लावलेली ठिगळे दिसतात, ती शिवणारी चूक टाळण्यासाठी व झाकण्यासाठी झटत होती. मुद्दाम चूक ठेवणारीचे हे वर्तन नव्हे.

७

याचा अर्थ हेतुपुरस्सर ठेवलेली विसंगती कोठेच नसते, असा नाही. अमेरिकेतील नाव्हाहो विणकरांच्या काठ असलेल्या काही विणकामांत कोपऱ्याजवळ काठ छेदून बाहेर जाणारी एक बारीक रेघ असते. ती चूक नव्हे. त्यांच्या भाषेत तिला ‘बाहेर जाण्याची वाट’ अशा अर्थाचे नाव आहे, आणि ती का ठेवतात हे विणकर स्वतः सांगतात. आपल्या अधिक जवळचे उदाहरण उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांच्या कवंदीचे. जुन्या साडीच्या पाठीवर तुकडे ठेवीत, कोपऱ्यापासून आरंभ करून कडेकडेने आत जाणारी ही शिवण आपल्या गोधडीची बहीणच होय. तिच्या चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाचे त्रिकोणी तुकडे लावतात. परक्याला ते कोपऱ्याची फाटलेली बाजू झाकणारे ठिगळ वाटेल. त्या स्त्रिया त्याला ‘फूल’ म्हणतात आणि फुलांवाचून कवंदी उघडी राहिली असे मानतात.

नाव्हाहोंची वाट, सिद्दींचे फूल आणि ‘नम्रतेचा चौकोन’ यांतील भेद स्पष्ट आहे. पहिल्या दोहोंचे नाव करणाऱ्यांच्या भाषेत आहे; तिसऱ्याचे नाव पाहणाऱ्यांनी दिलेले आहे. लेखाच्या आरंभी उल्लेखिलेली भाषेची कसोटी ती हीच. वस्त्रावरील एखादी खूण योजना आहे असे म्हणावयाचे तर ती पुन:पुन्हा आणि ठराविक जागी आढळली पाहिजे, आणि ती करणाऱ्यांच्या बोलीत तिला नाव असले पाहिजे. दोऱ्यांचा क्रम पाहून ती मागाहून घातलेली ठरली तर ती दुरुस्ती. यांपैकी काहीच नसेल तर तिला चूक म्हणावे, व तसे म्हणण्यात कमीपणा मानू नये. नाव नसणे हा योजनेविरुद्ध अंतिम पुरावा नव्हे, कारण नावे विसरली जातात. परंतु नावाशिवाय हेतू सांगणाऱ्यावर सिद्धतेचा भार येतो.

हा विचार आपल्या गोधडीकडे वळविला म्हणजे त्याची निकड ध्यानात येते. गोधडी जीर्ण झाली की बहुधा टाकून देत नाहीत. तिच्यावर नवे लुगडे घालून पुन्हा शिवतात, आणि कालची पाठ आजचा मधला थर होते. एका गोधडीच्या पोटात अशा प्रकारे दोन वा तीन पिढ्यांच्या पाठी असू शकतात. घरोघरी आईच्या व आजीच्या लुगड्यांची ओळख याच थरांतून राहते. अशी गोधडी संग्रहासाठी घेताना तिला नवा काठ व स्वच्छ नवी पाठ लावली, तर ती देखणी होईल. पण ते पोथीवर हरताळ फासणेच ठरेल, आणि तेही आजच्या अर्थाने.

अमेरिकेत १९८१ मध्ये केंटकी राज्यात घरोघरच्या रजयांची नोंद करण्याचा उपक्रम सुरू झाला व पुढे इतर राज्यांनी तो उचलला. मराठी प्रदेशात अशी नोंद करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी पुढील सूचना कराव्याशा वाटतात. गोधडीच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत व पाठीचे आधी घ्यावे. शिवण कोठून सुरू होऊन कोठे संपते, दोरे किती प्रकारचे आहेत, ठिगळ शिवणीच्या खाली जाते की वर येते, हे लिहून ठेवावे. आणि शिवणारी हयात असेल तर प्रत्येक खुणेपाशी बोट ठेवून, याला तुम्ही काय म्हणता, एवढेच विचारावे. ‘हे मुद्दाम केले का?’ असे विचारू नये. कारण त्या प्रश्नातच उत्तर दडलेले असते, आणि पाहुण्याचे मन राखण्यासाठी ते उत्तर दिलेही जाते. तिने सांगितलेला शब्द तिच्याच उच्चारात, तिच्या गावाच्या नावासह टिपावा. ती ‘चुकलं होतं, झाकलं’ असे म्हणाली, तर तेही तसेच टिपावे.

‘गोधडी’ व ‘वाकळ’ हे शब्द मोल्सवर्थच्या कोशात १८३१ सालीच नोंदले गेले. तिच्या पाठीवरील टाक्यांची, चुण्यांची व ठिगळांची गावोगावची नावे मात्र बहुतांशी शिवणाऱ्या स्त्रियांच्या तोंडीच राहिली आहेत. कापड जपून ठेवता येते, आणि त्याची परीक्षा उद्याही होऊ शकेल. ती नावे उद्या विचारावयास गेलो, तर सांगणारी भेटेलच असे नाही.